कपाटाची चप्पल

मी एक जुनं, उंच, आरसेवालं कपाट आहे, मित्रांनो. पुढचं काही ऐकण्याआधी एवढं मात्र गाठीला बांधून ठेवा, की माझ्या आत कोणी राहत नाही. कपडे राहतात. डांबरगोळ्या राहतात. खालच्या कप्प्यात लोकरीचे उरलेसुरले गुंडे राहतात. बाकी कोणी नाही. म्हणजे, बहुतेक नाही.

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण माझ्यावर एक गोष्ट छापून आली आहे. ती वाचलेली माणसं मला बघायला यायची आणि उंबऱ्यातूनच दबक्या आवाजात विचारायची, "हेच का ते?" जणू मी कोणाचा मुडदाच पाडला होता. त्या गोष्टीत मी कपाट नव्हतोच. मी विरह होतो. आता तुम्हीच सांगा, ज्याच्या पोटात लोक मोजे ठेवतात, त्यानं विरह कसं व्हायचं?

पण असं मधूनच नको. मुळापासून सांगतो.

आधी मी झाड होतो. केवढं मोठं, ते विचारू नका. माझ्या बुंध्याशी काय चाललंय हे शेंड्यावरच्या पाखराला दुसऱ्या दिवशी कळायचं. मला कापायला आलेल्या करवतीचे सगळे दात पडले, आणि बिचारीला उरलेलं आयुष्य पावावर काढावं लागलं. यावर विश्वास बसत नसेल तर ठेवू नका. तो शिल्लक ठेवा, पुढे लागेल.

मला घडवणारा सुतार फारसा बोलत नसे, कारण त्याच्या तोंडात कायम खिळे असत. त्याने मला चार गोल पाय दिले, एकच रुंद दार दिलं आणि त्या दारावर डोक्यापासून नखापर्यंत माणूस दिसेल असा आरसा बसवला. मला न्यायला एक बाई आली, तेव्हा त्याने खिळे तोंडातून हातावर घेतले आणि म्हणाला, "बाई, मोठं कपाट म्हणजे म्हातारा हत्ती. पोटात काय भरायचं ते भरा, पण पायांकडे लक्ष असू द्या. पाय नीट बसले तर हा तुमच्या नातवंडांना पुरेल."

"पायांचं माझ्याकडे लागलं," बाई हसून म्हणाली. ती मोज्यांच्या कारखान्यात विणायच्या यंत्रावर कामाला होती. यंत्र थरथरायला लागलं की त्याच्या पायाखाली रबराचा तुकडा सारायचा, हे तिच्या हातात बसलेलं होतं.

मला जिन्यातून वर चढवताना हमालांनी जे शब्द वापरले, ते मी अजून जपून ठेवले आहेत. तुमच्यासमोर उच्चारण्यासारखे ते नाहीत, पण वेळप्रसंगी फार उपयोगी पडतात.

वरच्या मजल्यावरची ती मोठी खोली. जमीन फळ्यांची. खिडकीपाशी एक टेबल, आणि समोरच्या भिंतीला पाठ लावून मी. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होतं, हे लक्षात असू द्या. टेबलाशी बाईंचा नवरा बसायचा. तो गोष्टी लिहायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला गोष्टीवालेच म्हणत. पुढे त्यांना मुलगी झाली. ती एका जागी ठरायची नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. लपाछपीत ती दर वेळी माझ्याच आत लपायची, आणि तिची आई दर वेळी सगळं घर पालथं घालून शेवटी माझं दार उघडायची. "अगंबाई, ही इथे होय!" तेच ते वाक्य, आणि तितक्याच वेळा तेच ते खिदळणं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला कोणी टाळ्या दिल्या असतील तर त्या त्याच.

आता गोष्टीवाल्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही.

त्यांना नुसती माणसांची गोष्ट लिहिता येत नसे. त्यांना एक वस्तू लागे, नाहीतर एखादा प्राणी. ती वस्तू समोर ठेवायची, तासन् तास तिच्याकडे बघायचं, आणि तिच्यातून दुसरंच काहीतरी बाहेर येईपर्यंत हलायचं नाही. रविवारी दुपारी त्यांच्यासारखीच गोष्टी लिहिणारी मंडळी जमत. त्यात एक पेन्शनीत निघालेले मास्तर होते आणि एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. गोष्ट वाचून झाली की कशाचा अर्थ काय, यावर चहा गार होईपर्यंत चर्चा चाले. आणि मंडळींचा एक कडक नियम होता. ज्या वस्तूवर गोष्ट लिहायला घेतली, तिला गोष्ट छापून येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. "वस्तू हलली की अर्थ हलतो," मास्तर बजावून सांगत.

या नियमाने घराचे काय हाल झाले म्हणता! भिंतीवरचं घड्याळ एकदा किल्ली द्यायची राहिली म्हणून बंद पडलं. लगेच ते 'थांबलेलं आयुष्य' झालं, आणि त्याला किल्ली द्यायची बंदी. छत्रीची एक काडी मोडली, तर ती 'म्हातारपण' झाली, आणि पुढचा अख्खा पावसाळा सगळं घर भिजत हिंडलं. कुंडीतलं रोप सुकलं ते 'आटलेलं प्रेम' होतं. बाईंनी त्याला गुपचूप पाणी घातलं. गोष्ट अर्ध्यावर असताना त्याला नवं पान फुटलं, आणि गोष्टीवाले रुसून बसले.

"अहो," बाई म्हणाल्या, "मी नाही ना तुमच्या कुठल्या गोष्टीत? नाही म्हणजे, मला जेवायची परवानगी आहे ना, एवढंच विचारते."

घरातला काळा बोका काजळ्या तर फार दुखावला होता. एका गोष्टीत गोष्टीवाल्यांनी त्याला 'मरण' केलं. ती छापून आल्यावर शेजारणीने त्याला दूध देणं बंद केलं, आणि वर अंगावर तांब्याभर पाणी ओतलं. तो माझ्याखाली येऊन अंग चाटत बसला. कपाट आणि बोका यांचं काय बोलणं होतं, ते तुम्हाला ऐकू येत नाही. तो एवढंच म्हणाला, "जपून राहा, बुवा. तुझाही नंबर लागेल."

मी तेव्हा हसलो. म्हणजे, बिजागरी जराशी वाजवली.

एके दिवशी माझं दार आपोआप उघडलं.

भुताटकी वगैरे काही नाही. न्हाणीघराचा नळ भिंतीच्या आत पाझरत होता. ते पाणी माझ्यापुढच्या फळ्यांखाली जाऊन मुरलं, फळ्या मऊ पडल्या आणि माझे पुढचे पाय जरासे खाली बसले. मी पुढे कललो. कललेल्या कपाटाचं दार उघडतंच. बाईंनी दार लावलं. ते उघडलं. त्या गुडघ्यांवर बसल्या, फळीवर बोट दाबून पाहिलं, आणि मग आपल्या रबरी चपलेची टाच सुरीने कापायला बसल्या.

"आई, चांगली चप्पल का कापतेस?" भिंगरीने विचारलं.

"कपाटालाही चप्पल लागते गं."

त्यांनी तो तुकडा माझ्या पायाखाली ठेवला, आणि मला खांद्याने जरा मागे रेटून पायाच्या टाचेने आत ढकलला. माझं दार आपसूक लागलं. खट्ट. इतका नेमका आवाज, की भिंगरीने तो पुन्हा पुन्हा काढायला लावला. बाई तशाच अर्ध्या टाचेच्या चपलेवर घरभर फिरत राहिल्या आणि दिसेल त्या वेळी नवऱ्याला सांगत राहिल्या, की एकदा माणूस बोलावून नळ बघून घ्या, जमीन बसत चालली आहे. गोष्टीवाले मान हलवत. "हो हो. बोलावतो."

मग एका हिवाळ्यात बाई आजारी पडल्या. करडा लोकरी कोट घालून दवाखान्यात गेल्या, आणि परत आला तो नुसता कोट.

तो कोट माझ्याच आत लावला. मित्रांनो, मी आजवर किती कपडे पोटात घेतले असतील, पण इतका जड कपडा माझ्या दांडीला कधी लागला नव्हता.

घर सांभाळायला गोष्टीवाल्यांची थोरली बहीण येऊन राहिली. भिंगरी तिला आत्या म्हणायची. आत्या म्हणजे तोंडाने फटकळ आणि हाताला उसंत नसलेली बाई. बसल्या जागी चार कामं उरकणार आणि उठता उठता चार माणसांना बोलणार. पण गोष्टीवाले गप्प झाले होते. टेबलाशी बसायचे, कागद कोरा. एका दुपारी हातातलं टोपण घरंगळत माझ्याखाली आलं, म्हणून ते जमिनीवर पालथे पडले. टोपण राहिलं बाजूला. त्यांना माझ्या पायाखालचा तो रबराचा तुकडा दिसला. त्यावर चालून चालून झिजलेली नक्षी दिसली. कोणाची टाच, हे त्यांनी ओळखलं.

त्यांनी तो तुकडा ओढून काढला आणि छातीशी धरून लहान मुलासारखे रडले. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच.

त्यांना काय बोलणार? माणूस रडत असताना 'तेवढा माझ्या पायाखालचा तुकडा परत द्या' असं म्हणणं बरं दिसत नाही. तो तुकडा टेबलावर गेला. लिहिताना ते डाव्या हाताच्या मुठीत तो धरून बसायचे. त्याच संध्याकाळी, ते बघत असताना, माझं दार सावकाश उघडलं. आतला कोट झुलला, आणि त्याची एक बाही बाहेर आली.

गोष्टीवाले हलले नाहीत. मग कागद पुढे ओढून ते लिहू लागले.

मित्रांनो, ती गोष्ट फार गाजली म्हणतात. त्यात एक कपाट असतं, एक गेलेली बायको असते, आणि दार रोज जरा जास्त उघडतं. गोष्ट छापून आली, तसा नियम सुटायला हवा होता. पण लोकांनी दुसरी मागितली, मग तिसरी, आणि माझ्यावरची बंदी काही उठेना.

"अरे, दाराला एक खिट्टी बसव," आत्या म्हणाली.

"ताई, ते आता दार राहिलेलं नाही."

"मग काय आहे, खिडकी?"

"तुला नाही कळायचं ते."

"मला एवढंच कळतं, की येता-जाता माझ्या कपाळाला लागतं." आत्याने दाराच्या मुठीला दोरी बांधली. गोष्टीवाल्यांनी ती सोडली. तिने पुन्हा बांधली, त्यांनी पुन्हा सोडली. शेवटी आत्या कपाळाला टेंगूळ आणि तोंडाला कुलूप लावून बसली. भावाने पुन्हा लिहायला घेतलंय, हेच तिला पुष्कळ होतं.

मी मात्र हळूहळू बिघडत गेलो. पाय खचत होते ते तर झालंच, पण मी सांगतोय ते निराळं. खोलीत येणारा प्रत्येक माणूस माझ्या उघड्या पोटात डोकावून बघायचा, आणि कपड्यांच्या मागे जो अंधार असतो त्याच्याकडे पाहून आवाज खाली आणायचा. रोज रोज कोणी आपल्याला असं बघू लागलं की आपल्यालाही शंका येते. मी आत कान लावू लागलो. कपाटाला स्वतःच्या आतलं दिसत नाही, जसं तुम्हाला स्वतःच्या पाठीमागचं दिसत नाही. पण जाणवतं. कोट मागच्या फळीला घासायचा, तर मला वाटायचं कोणी पाठ टेकली. वारा नसताना लोकरीचा गुंडा कप्प्यात या टोकाकडून त्या टोकाकडे जायचा. मी पुढे कललो होतो म्हणून गेला असेल. तसंच असेल. पण परतही यायचा, मित्रांनो. ते मात्र मला अजून जमवता आलेलं नाही.

माझा आरसाही खाली झुकत चालला. पूर्वी त्यात खिडकी आणि खिडकीतलं आकाश दिसायचं. आधी आकाश गेलं, मग खिडकी गेली, मग टेबलाचे नुसते पाय उरले. गोष्टीवाल्यांनी लिहिलं, 'तिने नजर जमिनीकडे वळवली आहे.' रविवारच्या मंडळींनी माना डोलावल्या. जमिनीकडे मात्र कोणी पाहिलं नाही.

काजळ्याने माझ्याखाली झोपणं सोडलं. खोलीच्या मधोमध उभा राहून तो माझ्या पायांकडे बघत शेपूट फुगवायचा. त्यावरही एक गोष्ट झाली. या खेपेला तो 'अपराधी मन' होता. "आधी मरण, आता हे," काजळ्या म्हणाला. "अरे, मी इतका वेळ ओरडतोय की फळ्या ओल्या आहेत! यांना साधं म्याव कळत नाही." आणि तो स्वयंपाकघरात निघून गेला.

हे सगळं मी सोसलं असतं. पण भिंगरी दुपारी येऊ लागली.

आत्या खाली कामात असली, गोष्टीवाले बाहेर गेले, की भिंगरी यायची. पायात आईच्या चपला, एक धड आणि एक टाच कापलेली, म्हणून चालताना एका बाजूला डुलायची. माझ्या तळाच्या फळीवर कोटाखाली अंग चोरून बसायची आणि बोलत राहायची. शाळेत कोण कोणाशी कट्टी आहे. आत्या केस फार ओढून विंचरते. दात हलतोय, पण डॉक्टरीणबाईंना दाखवायचा नाही, त्या लगेच उपटतील. बोलून झालं की थांबायची. उत्तर ऐकावं तशी. आणि मान डोलवायची.

एकदा ती कोटाच्या अस्तराला तोंड लावून म्हणाली, "आई, बाबांनी ते रबर काढलं म्हणून तू येतेस ना? मी नाही हं कोणाला सांगणार. सांगितलं तर परत लावतील."

मला तेव्हा उमगलं. सगळ्या घरात एकट्या तिला माहीत होतं की माझं दार का उघडतं. तिने ते रबर कापताना पाहिलं होतं, लावताना पाहिलं होतं, दार खट्ट करून लागताना पाहिलं होतं. आणि तिला दार उघडंच हवं होतं.

मी मात्र दिवसेंदिवस कलत होतो. माझ्यासारखा हत्ती अंगावर आला तर त्या एवढ्याशा जिवाचं काय होईल, हे मला कळत होतं. मी तळव्यांनी फळ्या घट्ट धरल्या. भिंतीतल्या एका खिळ्यात पाठ अडकवून राहिलो. हमालांचे सगळे शब्द वापरले. लाकडाने जेवढं करता येतं तेवढं केलं, आणि लाकडाला किती करता येतं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

मग तो रविवार आला.

दोन गोष्टी गाजल्यामुळे त्या दिवशी मंडळींच्या ओळखीचे आणि ओळखींच्या ओळखीचेही आले होते. जिन्यात चपलांचा ढीग. खोलीत गर्दी मावेना. एवढी माणसं बसली, तशा सगळ्या फळ्या खोलीच्या मध्याकडे दबल्या आणि माझं दार सताड उघडलं. त्यांना ते माहीत नव्हतं. खोलीभर एक सुस्कारा गेला.

"आज तर आपलं येणं तिला कळलेलं दिसतंय," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या.

"बोलू नका. बघा," मास्तर म्हणाले.

गोष्टीवाले मुठीत तुकडा धरून वाचू लागले. आज तिसरी गोष्ट होती, आणि या गोष्टीच्या शेवटी ती कपाटातून बाहेर पाऊल टाकणार होती. भिंगरी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती. "'आणि आता,'" ते वाचत होते, "'फक्त कोणीतरी हात पुढे करायचा अवकाश होता.'"

भिंगरी माणसांच्या मधून वाट काढत पुढे आली. कोणी तिला अडवलं नाही. त्यांना वाटलं, हे वाचनातलंच असेल. ती माझ्या तळाच्या फळीवर चढली. या खेपेला बसली नाही. उभी राहिली, आणि कोटाच्या दोन्ही बाह्या हातांत घेऊन सगळ्या ताकदीनिशी स्वतःकडे ओढू लागली.

"चल ना आई," ती म्हणाली. "ये ना बाहेर. सगळे थांबलेत."

भिंतीतला खिळा सुटला. माझी पाठ मोकळी झाली.

मी पुढे आलो, मित्रांनो. सावकाश, झाड पडतं तसा. माझ्या आरशात माणसांचे पाय दिसले, मग मांड्या, मग वर वळलेले चेहरे. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "वा!"

आत्या तेव्हाच चहा घेऊन वर आली होती. तिने गोष्ट ऐकलेली नव्हती, त्यामुळे तिला काय दिसायचं ते नीट दिसलं. ट्रे तिने तसाच सोडला. कपबश्यांचा खळकन आवाज होईपर्यंत ती माझ्यापाशी पोचली होती आणि तिचा खांदा माझ्या चौकटीला लागला होता.

"वा काय वा!" ती ओरडली. "मेल्यांनो, उठा! पोरीवर कपाट पडतंय!"

मग उठले सगळे. गोष्टीवाल्यांनी भिंगरीला ओढून काढलं आणि कवटाळलं. मास्तरांनी एका बाजूने, डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या बाजूने हात लावला. मला रेटून जेमतेम उभं केलं, पण हात सोडले की मी पुन्हा पुढे यायचो. आत्याचा चेहरा लालबुंद झाला होता आणि तिचे पाय सांडलेल्या चहावरून घसरत होते.

"पायाखाली काहीतरी घाला! लवकर!"

मास्तरांनी खिशातलं पुस्तक काढलं, त्याचं नाव पाहिलं, आणि परत ठेवलं. ते त्यांचं स्वतःचं होतं. गोष्टीवाले वेड्यासारखे खोलीभर बघू लागले. टेबलावर, खिडकीत, कुंडीपाशी. "काय घालू? ताई, काहीच नाही गं इथे! काय घालू?" आणि त्यांच्या डाव्या मुठीत तो तुकडा होता. त्यांना तो आठवेना. त्यांच्या लेखी ते केव्हाच रबर राहिलं नव्हतं.

एका माणसाला माहीत होतं. ती वडिलांच्या कडेवर होती आणि माझ्या उघड्या दाराकडे बघत होती. कोट अजून झुलत होता. एक बाही बाहेर आली होती.

तिने बाहीकडे पाहिलं. मग आत्याच्या घसरणाऱ्या पायांकडे पाहिलं.

ती खाली उतरली. वडिलांची मूठ एक एक बोट करून उघडली आणि तुकडा काढून घेतला. माझ्या पुढच्या पायापाशी गेली. "आत्या, मागे रेट," म्हणाली. आत्याने रेटलं. तिने तुकडा ठेवला आणि टाचेने आत ढकलला, अगदी आईसारखा. पण मधल्या दिवसांत मी फार खचलो होतो. तुकडा पुरला नाही. दार तसंच लोंबत राहिलं.

भिंगरी क्षणभर थांबली. मग तिने पायातली कापलेली चप्पल काढली आणि तीही खाली सारली. दुसऱ्या पायाखाली दुसरी चप्पल सारली.

माझं दार हलायला लागलं. त्याच्याबरोबर बाही आत गेली. कोटावरचा उजेड अरुंद होत होत रेघभर राहिला. खट्ट.

"कपाटालाही चप्पल लागते," भिंगरी म्हणाली. अनवाणी उभी होती.

गोष्टीवाले तिच्यासमोर खाली बसले. त्यांनी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बाळा, सांगितलं का नाहीस?"

"मग दार लागलं असतं."

त्या खोलीत एरवी कशाचा अर्थ काय यावर किती बोलणं व्हायचं! त्या दिवशी मास्तरांनी खाली बसून कपाचे तुकडे वेचले, मंडळी एक एक करून जिना उतरली, आणि आत्याने भिंगरीला मांडीवर घेऊन तिचे पाय आपल्या पदराने पुसले.

दुसऱ्याच दिवशी माणूस आला. भिंत फोडली, नळ बदलला. फळ्या उचलल्या, तर खालची तुळई भिजलेल्या पावासारखी हाताला आली. सगळं नवं घातलं. पाणसळीने जमिनीची पातळी बघून मला उभं केलं, आणि दाराला एक पितळी खिट्टी बसवली. चपलांची आता गरज नव्हती. गोष्टीवाले त्या उचलायला वाकले, तर भिंगरी म्हणाली, "राहू द्या. त्याच्या आहेत त्या." म्हणून त्या अजून माझ्या पायाखाली आहेत. समतल जमिनीवर चपला घालून उभं असलेलं दुसरं कपाट तुम्ही पाहिलं असेल, तर मला जरूर कळवा.

त्या संध्याकाळी गोष्टीवाल्यांनी घड्याळाला किल्ली दिली. छत्री दुरुस्तीला टाकली. काजळ्याला बशीभर दूध दिलं आणि त्याच्यापुढे बसून म्हणाले, "बोका आहेस तू." काजळ्याने ते मान्य केलं. गोष्टी ते अजून लिहितात. त्यांत वस्तू असतात, पण आधी ते खाली वाकून त्यांचे पाय तपासतात.

मित्रांनो, माझं मागणं लांबलचक नाही. घरातली एखादी जुनी वस्तू विचित्र वागायला लागली, कुरकुरली, हलली, आपोआप उघडली, तर लगेच तिला विरह करू नका. आधी खाली वाका. फळी दाबून बघा. ओलं लागतंय का पाहा. तिला कोणीतरी कधीतरी हाताने टेकू लावला असेल, तो आठवण म्हणून काढून घेऊ नका. तो जिथे आहे तिथेच काम करतोय. आणि घरातल्या लहान माणसाला विचारा. त्याला पुष्कळ माहीत असतं, फक्त ते सांगून त्याचं काय जातं, हे तुम्हाला माहीत नसतं.

एवढंच सांगायचं होतं. राहता राहिली ती खिट्टी.

पक्की पितळी खिट्टी आहे. जमीन समतल आहे. नळ कोरडा आहे. मी सरळ उभा आहे, आणि माझ्या पुढच्या दोन्ही पायांत चपला आहेत. तरीही कधी कधी दुपारी, घर शांत असताना, खिट्टी खाली पडते. आवाज करत नाही. कोटाची बाही फटीतून बाहेर येते, बोटभर, आणि थांबते. भिंगरी आता मोठी झाली आहे. ती शेजारून जाताना थबकते. आधी वाकून माझे पाय बघते, सवयीने. फळी दाबून बघते. सगळं जागच्या जागी असतं.

मग ती बाही दोन्ही हातांनी हळूच आत सारते, दार लावते आणि खिट्टी घालते. कोणाला काही सांगत नाही. मीही सांगत नाही.